पांगाऱ्याची मोटार आणि शिझुओकाचे खोके

खेळण्यातली मोटार आणि मोटारीची प्रतिकृती या दोन वस्तू दुकानात एकाच फळीवर मांडलेल्या दिसतात. पण त्या एका जातीच्या नव्हेत. खेळण्यातल्या मोटारीला चार चाके असावीत, ढकलली की ती पुढे जावी आणि तोंडाने 'पों पों' करणारा कुणी असावा, एवढे पुरते. प्रतिकृतीला मात्र हिशेब द्यावा लागतो. खोक्यावर १:२४ असे छापले, की खऱ्या गाडीचे २४ इंच म्हणजे हिचा १ इंच. मग तोच नियम छपरापासून दाराच्या मुठीपर्यंत आणि पुढच्या जाळीपासून मागच्या दिव्यापर्यंत पाळायचा. आपली जुनी फियाट ११०० सुमारे ३.९ मीटर लांब. १:२४ च्या मापात ती साधारण १६ सेंटिमीटर भरते, १:४३ च्या मापात ९ आणि १:८७ मध्ये जेमतेम साडेचार. म्हणजे आगपेटीहून किंचित कमी.

हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यांच्यामागे फूट आणि इंच उभे आहेत. एका फुटाला एक इंच म्हणजे १:१२, एका फुटाला अर्धा इंच म्हणजे १:२४. आणि १:४३ हा तिरपागडा आकडा आगगाडीच्या डब्यातून आला. खेळण्यातल्या रेल्वेसाठी इंग्रजांनी एका फुटाला ७ मिलिमीटर हे माप धरले होते. १९३० नंतरच्या दशकात मेकॅनो कंपनीने आपल्या हॉर्नबी रेल्वेच्या स्थानकाबाहेर उभ्या करायला छोट्या मोटारी ओतल्या. त्याच पुढे 'डिंकी टॉइज' म्हणून जगभर गेल्या. रेल्वे मागे राहिली, मोटारी पुढे गेल्या आणि माप तेवढे उरले.

आज बोलायचे आहे ते या मोटारींच्या एका खास प्रकाराबद्दल. गाडी तयार मिळत नाही. खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटी असतात आणि कैऱ्या देठाला लटकाव्यात तसे सुटे भाग त्यांना लटकलेले असतात. ते एकेक कापायचे, पॉलिश पेपरने घासायचे, जोडायचे, रंगवायचे. जगात लाखो मोठी माणसे या छंदात रात्री जागवतात. आपल्या सिंधुदुर्गात सांगायला गेलो तर लोक म्हणतील, "ह्यां सायबाचां काम, आमकां कित्याक?" पण या छंदाचे एक मूळ आपल्या दारावरून गेले आहे, असे मला वाटते. कसे, ते सांगतो.

या छंदाचा जन्म काटकसरीतून झाला. निकोलस कोव्ह नावाचा एक हंगेरियन गृहस्थ लंडनमध्ये आला आणि १९३९ मध्ये त्याने एअरफिक्स ही कंपनी काढली. सुरुवातीला ती फुगवायची रबरी खेळणी करी, युद्धानंतर कंगवे करू लागली. १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरवाल्यांनी तिला विक्रेत्यांना वाटण्यासाठी ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती करायला सांगितली. भाग साच्यातून निघत, पण ते हाताने जोडावे लागत आणि त्या मजुरीनेच वस्तू महाग पडे. मग पुढे खर्च वाचवण्यासाठी सुटे भागच वूलवर्थच्या दुकानांतून विकायला ठेवले. जोडायचे काम गिऱ्हाइकाने घरी नेऊन करावे! व्यापारी नजरेने पाहिले तर ही अर्धवट वस्तूची विक्री. पण लोकांना ते अर्धे कामच आवडले. पुढे १९५२ मध्ये एअरफिक्सने 'गोल्डन हाइंड' हे जहाज पिशवीत घालून विकले आणि धंदा चालू लागला.

अमेरिकेत मोटारींच्या बाबतीत असेच घडले. डेट्रॉइटजवळ १९४८ मध्ये एएमटी ही कंपनी निघाली. खऱ्या गाड्यांच्या विक्रेत्यांना ती छोट्या गाड्या पुरवी, नवी फोर्ड बघायला आलेल्या बापाच्या पोराच्या हातात द्यायला. १९५८ पासून एएमटीने त्याच गाड्या सुट्या भागांत, १:२५ च्या मापात विकायला सुरुवात केली. एका खोक्यात तीन गाड्यांपुरते भाग असत. गाडी कारखान्यातून निघते तशी करा, आपल्या मर्जीने नटवलेली करा, नाहीतर शर्यतीची करा. पोरांच्या हातात नुसती गाडी आली नाही, तिच्याबद्दलचा निर्णयही आला.

आता जपानकडे वळू. टोकियो आणि नागोया यांच्या मधोमध समुद्राकाठी शिझुओका नावाचे शहर आहे. जगातल्या या छंदाची ती राजधानी. तामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी ही मोठी नावे सगळी याच परिसरातली. एकाच परिसरात एवढे कारखाने का? त्याचे उत्तर सतराव्या शतकात सापडते. तोकुगावा राज्यकर्त्यांनी तिथे सेंगेन देवस्थानाची भव्य बांधणी काढली तेव्हा ठिकठिकाणचे सुतार, नक्षीकार आणि लाखेचे रोगण चढवणारे कारागीर बोलावले. काम संपल्यावर त्यातले बरेच तिथेच राहिले. पिढ्यानपिढ्या लाकूडकाम आणि लाखकाम हा गावाचा धंदा झाला. विसाव्या शतकात त्याच हातांतून लाकडी विमानांचे आणि जहाजांचे नमुने निघाले. तामियांची तर १९४६ ची लाकडाची वखार. तिथून ते लाकडी नमुन्यांकडे वळले. मग अमेरिकेतून प्लॅस्टिकची खोकी येऊ लागली आणि लाकडी नमुने दुकानात पडून राहू लागले. १९६० मध्ये तामियांनी 'यामातो' ही युद्धनौका प्लॅस्टिकमध्ये काढली. प्रतिस्पर्ध्याने तसलीच नौका आणखी स्वस्तात विकली आणि तामियांना फटका बसला. पण त्यांनी पाय मागे घेतला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी पँथर रणगाडा काढला आणि खोक्यावर नामांकित चित्रकाराचे चित्र दिले. तो खपला. १९६७ मध्ये होंडाची शर्यतीची मोटार १:१२ च्या मापात आली आणि तामिया हे नाव मोटारवेड्यांच्या तोंडी झाले.

या घराण्यातल्या शुनसाकू तामियांची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९७० च्या दशकात पोर्शे गाडीची प्रतिकृती करायची होती. नकाशे आणि छायाचित्रे पुरेनात, म्हणून त्यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती नटबोल्टापर्यंत खोलून काढली. २०२५ मध्ये वयाच्या ९० व्या वर्षी ते वारले, तेव्हा जगभरच्या पन्नाशी-साठीच्या पोरांनी दुःख केले. 'पोरांनी' हा शब्द मी जाणून वापरतो.

लाकूड, लाख, राजाश्रय आणि मंदिरांची कामे हे सगळे ऐकताना सिंधुदुर्गातल्या माणसाला काही आठवते का? आमच्या नांदगावाहून दक्षिणेला महामार्गाने निघावे, कणकवली, कुडाळ मागे टाकावे, की सावंतवाडी येते. मोती तलावापासून थोड्याच अंतरावर चितार आळी आहे. ही चितारी मंडळी गोवा-कारवारकडून आली असे सांगतात. सावंतवाडीच्या भोसले संस्थानाचा त्यांना आश्रय होता. लाकडाच्या कातकामात आणि लाखेच्या रंगात त्यांचा हात धरणारे थोडे. पांगारा हे आपल्याकडे कुंपणाला लावायचे झाड. शिमग्याच्या सुमारास लाल फुलते, बाकी वर्षभर कुणी त्याच्याकडे बघत नाही. पण त्याचे लाकूड हलके आणि मऊ. त्या लाकडातून सावंतवाडीने जगाला खरा वाटेल असा आंबा दिला, सीताफळ दिले, भातुकली दिली, पाळणे दिले. लाकूड चरकावर फिरत असते, त्याच्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणायची. कुंचला नाही, रंगाचा डबा नाही आणि वाळायची वाट बघणेही नाही.

याच हातांनी गंजिफा रंगवल्या. चिंचोक्याची खळ लावून कडक केलेल्या गोल पानांवर दशावतार काढायचे, जोडातली १२० पाने. गंजिफा हा खेळ मूळ इराणकडचा. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. तो खेळ फिरत फिरत कोकणात आला आणि इथल्या चिताऱ्याने त्याच्यावर मत्स्य आणि कूर्म बसवले. कुणी कुणाला विचारले नाही. कारागिरीच्या जगात असेच होते. १९७१ च्या सुमारास ही कला एखाद-दुसऱ्या म्हाताऱ्या हातात उरली होती. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्याच्या दरबार हॉलात कारागीर बसवले आणि स्वतः कुंचला धरून ती शिकून घेतली. सत्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या. पण गंजिफा आणि लाखकाम दोन्ही आज जिवंत आहेत, त्याचे मोठे श्रेय या दांपत्याचे.

याच सावंतवाडीने लाकडी मोटारीही केल्या. ट्रक, बस, जीप. चौकोनी डोके, लाल-पिवळा रंग, लाकडी चकत्यांची चाके. कोकणातल्या कितीतरी पोरांची पहिली गाडी हीच. बाजारातून किंवा जत्रेतून ती घरी येई आणि अंगणातल्या चिऱ्यांवरून खडखडत फिरे. ती प्रतिकृती नव्हती, खेळणे होते. तिला माप नव्हते. पण हात तोच होता, जो शिझुओकात होता.

मग सावंतवाडीची शिझुओका का झाली नाही? हा प्रश्न विचारायला मला संकोच वाटत नाही, कारण तो कुणाला दोष देण्यासाठी नाही. पोलादी साचा कोरायला मोठे भांडवल लागते आणि तो हजारो नग विकले तरच वसूल होतो. जपानात शाळेतल्या मुलांकडून विमानांचे लाकडी नमुने करून घेत, त्यामुळे हाताने जोडणारे गिऱ्हाईक घरचेच तयार होते. आपल्याकडे शाळेत हस्तकलेचा तास हा गणिताच्या मास्तरांना उधार द्यायचा तास. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि राजाश्रय आटला. पण मला सगळ्यात मोठा फरक वाटतो तो वेगळाच. चिताऱ्याने वस्तू नेहमी पूर्ण करून दिली. आपण ती विकत घेतली, बघितली आणि शोकेसमध्ये ठेवली. शिझुओकाने वस्तू अपुरी दिली. चिताऱ्याला शेवटचा हात फिरवताना जो आनंद होतो, तोच त्यांनी खोक्यात भरून विकला.

आता ही खोकी आपल्याकडे कशी आली तेही पाहू. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन तोलून वापरायचे दिवस होते. परदेशी खेळणी आणायला परवाना लागे आणि तो खेळण्यासाठी कोण देणार? काही जुने साचे मात्र आले. डिंकीचे साचे कलकत्त्यात आणून त्यांतून 'निकी' नावाने मोटारी ओतल्या गेल्या. खाली कोरलेले 'डिंकी' तेवढे बदलले. पण जोडायची खोकी दुर्मीळच. ती आली माणसांच्या ट्रंकांमधून. कोकणातले मुसलमान पिढ्यान् पिढ्या बोटीवर खलाशी. १९७३ नंतर तेलाला भाव आला तशी आमच्या भागातली पोरे कुवेत, बहारीन, दुबईला गेली. त्यांच्या सामानात टेपरेकॉर्डर, अत्तर, टॉर्च आणि कधी कधी असे एखादे खोके असे. आमच्या घरी चाचांनी आणलेल्या खोक्यावरचे चित्र बघायला आळीतली पोरे जमत. आतल्या कागदावर जपानी अक्षरे. पण बाण आणि आकडे कुणालाही कळत. डिंक म्हणून जी बाटली होती तिच्यात डिंक नव्हता. ते द्रव्य प्लॅस्टिकला किंचित विरघळवते आणि दोन तुकडे एकजीव होऊन सुकतात. चिकटवणे आणि सांधणे यांतला फरक मला त्या बाटलीने शिकवला. पुढे कविता लिहू लागल्यावर तो कामी आला.

१९९१ नंतर आयातीचे दरवाजे हळूहळू उघडले आणि १ एप्रिल २००१ पासून ग्राहकोपयोगी मालावरची उरलेली परिमाणबंधने उठली. मुंबई-पुण्याच्या काही दुकानांत खोकी दिसू लागली. मग २०२० मध्ये खेळण्यांवरचे आयात शुल्क २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. सीमाशुल्काच्या यादीत मापातल्या प्रतिकृती खेळण्यांच्याच रकान्यात बसतात, त्यामुळे पन्नाशीच्या गृहस्थाने हौसेने मागवलेली फेरारीही तिथे खेळणेच. देशी खेळण्यांना बळ मिळावे हा हेतू ठीकच आहे. सेंटीसारख्या भारतीय कंपन्यांनी ॲम्बेसेडर, रिक्षा अशा आपल्या गाड्या स्वस्तात केल्या. हौशी माणसे त्या घेतात, खोलतात, नव्याने रंगवतात. पण बारीक भागांचे, जोडायचे, आपल्या गाडीचे खोके अजून सहज मिळत नाही.

महाराष्ट्रात या वेडाला थोर परंपरा नाही असे मात्र नाही. दिवाळीत अंगणात माती-दगडांचा किल्ला करून त्यावर मावळे मांडणारे प्रत्येक पोर हेच काम करते. मोहरमचे ताबूत म्हणजे बांबू आणि कागदात बांधलेली करबलाच्या रोझ्याची प्रतिकृतीच. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत बघायला सगळ्या धर्मांची माणसे लोटतात. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या हौसेतून लघुरेल्वेचे संग्रहालय उभे केले. १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. मुंबईत आणिक आगारात 'बेस्ट'चे संग्रहालय आहे. तिथे ट्रामच्या आणि बसच्या छोट्या प्रतिकृती ठेवल्या आहेत. ज्या मुंबईकराने ट्राम पाहिली नाही त्याला ती तिथे भेटते. खरी ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बंद झाली.

इथे या छंदाचे खरे मोल दिसू लागते. २०२३ या एका वर्षात मुंबईने दोन ओळखी गमावल्या. सप्टेंबरमध्ये 'बेस्ट'ची जुनी लाल दुमजली बस गेली आणि ऑक्टोबरअखेरीस प्रीमियर पद्मिनी टॅक्सी. वालचंद हिराचंदांच्या कारखान्यात कुर्ल्याला बनलेली ही गाडी आधी फियाट होती, १९७४ मध्ये 'पद्मिनी' झाली. कोकणातल्या चाकरमान्याच्या गणपतीच्या सुट्टीची सुरुवात तिच्याच कॅरिअरवर ट्रंक बांधून होई. गाडी भंगारात जाते तेव्हा तिच्याबरोबर मीटरचा तो झेंडा, दाराला आतून लावलेली चित्रे, स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा हे सगळे जाते. छायाचित्रात एक बाजू उरते. प्रतिकृतीत मात्र तिला चहूबाजूंनी फिरून बघता येते.

आमच्या नांदगावच्या तिठ्यावर उभे राहिले की कोकणच्या वाहनांचा इतिहास समोरून जातो. इथूनच देवगडचा फाटा फुटतो. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्यांनी भरलेले ट्रक देवगडकडून येऊन मुंबईच्या रस्त्याला लागतात. आणि कायम असते ती एसटी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशी पहिली बस धावली, तिची बांधणी लाकडी होती. नंतर दापोडीच्या कार्यशाळेत ॲल्युमिनिअमच्या बस बांधल्या गेल्या. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांनंतर 'एशियाड' आली आणि ते नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. मग हिरकणी, शिवनेरी, २०१७ मध्ये शिवशाही. प्रत्येकीचा रंग वेगळा, पाटी वेगळी, खिडकीचा आकार वेगळा.

या गाड्यांची खोकी कुठल्याच कंपनीने काढली नाहीत. म्हणून आपल्याकडच्या पोरांनी खोक्याशिवायच काम सुरू केले. सिंधुदुर्गात, रत्नागिरीत, कोल्हापुरात, घाटावर गावोगावी एसटीच्या हुबेहूब प्रतिकृती करणारी मुले आहेत. फोमशीट किंवा सनबोर्ड कापून सांगाडा, काचेच्या जागी पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद, बॉलपेनच्या रिफिलचे दांडे, चपलेच्या रबराची चाके, पुढे बारीक अक्षरांत 'देवगड–कणकवली'. ११ मीटरची बस १:२४ ला सुमारे ४६ सेंटिमीटर होते, म्हणजे दीड फूट. त्यात आसने, शिडी, वर टप, मागे आपत्कालीन दार. आमच्या बाजूच्या वाडीतला एक मुलगा तर आगारात उभ्या बसची खिडकी टेपने मोजून वहीत लिहून घेई. त्याला कुणी तामियाचे नाव सांगितले नव्हते. पण पोर्शे खोलणाऱ्या म्हाताऱ्याचे आणि त्याचे काम एकच.

त्या मुलाने एकदा नवी कोरी लालभडक बस केली. ती पाहून त्याची आजी म्हणाली, "बरी आसा रे, पन ही आपली एसटी नाय. हिच्यार धूळ खंय?" परदेशातले छंदिष्ट यासाठी पुस्तके वाचतात. पातळ काळा रंग फटींतून सोडायचा, जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडा उजळायच्या, चाकांवर चिखल दाखवायचा. आमच्या पोराने अंगणातली तांबडी माती वस्त्रगाळ केली, फेव्हिकॉलच्या पाण्यात कालवली आणि चाकांच्या वर, मडगार्डच्या आतल्या बाजूला हलकेच लावली. दीड फुटाची ती बस तेव्हाच कुठे कोकणातली झाली.

माझी एक साधी इच्छा आहे. चितार आळीतल्या कुणीतरी या मुलांना बोलावून घ्यावे. पांगाऱ्याचे कापलेले पातळ तुकडे, चरकावरची लाखेची चाके, एक नकाशा, रंगाच्या दोन पुड्या असे खोके तयार व्हावे आणि त्यावर 'लाल परी, माप १:२४, जोडायची तुम्ही' असे छापावे. पोलादी साचा नको, परदेशी प्लॅस्टिक नको. हात आहेत, लाकूड आहे, लाख आहे. आणि गिऱ्हाईक तर महाराष्ट्रभर एसटीच्या थांब्यावर उभेच आहे. सावंतवाडीचा आंबा आपण तीनशे वर्षे पूर्ण करून विकला. आता एखादी बस अर्धीच विकून बघायला काय हरकत आहे?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)